गंधाचं बोट

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, मित्रांपाशी नाही. जिला सांगायला हवं होतं तिच्यापाशी तर नाहीच — आणि ती आता नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जातंय का? असेल. सोपं तर सोपं. कुठून तरी सुरुवात करायला हवी.

शालीपासून करतो. माझ्याकडे एक शाल आहे. आमच्या लालबागच्या चाळीच्या मंडळाने सत्यनारायणाच्या पूजेला माझा सत्कार केला, त्यातली. सत्कार या प्रकाराबद्दल माझं मत फारसं बरं नाही. लग्नं, मुंजी आणि सत्कार यांचं व्हिडिओ शूटिंग करून मी पोट भरलं. नारळ देणारा आणि घेणारा, दोघेही नारळाकडे न बघता कॅमेऱ्याकडे बघतात, हे माझ्याइतकं जवळून फार कमी लोकांनी पाहिलं असेल. त्या संध्याकाळी मीही कॅमेऱ्याकडेच बघितलं. सूत्रसंचालक म्हणाला, ‘ज्यांनी आपल्या वासूकाकांचा हरवलेला चेहरा आपल्याला परत मिळवून दिला, ते सूर्यकांत...’ पहिल्या रांगेत काकी बसली होती. वासूकाकांची बायको. सगळ्यांच्या टाळ्या थांबल्या तरी ती वाजवत होती. माइक माझ्या हातात होता. मी म्हणालो, ‘हे सगळं तुमच्या आशीर्वादाने.’

ती शाल मी कधी पांघरली नाही. फेकलीही नाही. तिचं काय करतात, कुणी सांगेल?

वासूकाका आमच्या शेजारच्या खोलीत राहायचे. मालवणकडचे, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर कामाला, आणि डबलबारीच्या भजनात पखवाजावर. डबलबारी म्हणजे दोन बुवा समोरासमोर बसून अभंगांनी एकमेकांची जिरवतात ती. काका अंगाने किरकोळ होते, पण पखवाज पुढ्यात आला की रुंद वाटायचे. मी लहानपणी त्यांच्या मागे झांज घेऊन बसायचो. माझी झांज कायम मागे पडायची. ते न वळता म्हणायचे, ‘सुर्या, गाडी चुकली रे तुजी.’

मग संप झाला. संपाबद्दल मी इथे काही सांगत नाही. त्यावर व्याख्यानं देणारे पुष्कळ झाले, त्यांतल्या बऱ्याच जणांचं शूटिंग मीच केलंय. एवढंच, की संप संपला असं कुणी कधी सांगितलं नाही, आणि गिरणीने काकांना परत घेतलं नाही. काकांचा एकुलता एक फोटो गिरणीच्या पासावर होता. एका सकाळी ते फाटकाशी गेले, ‘ठेवा तुमकाच’ म्हणाले, आणि पास गजांतून आत भिरकावून परत आले. पुढे रे रोडला लाकडाच्या वखारीत ओंडके उचलायला लागले. छातीत गिरणीचा कापूस आधीच बसला होता. वखारीत फार वर्षं निघाली नाहीत. काका गेले तेव्हा त्यांची मुलगी वंदी नुकती चालायला लागली होती.

बाराव्याला पाटावर ठेवायला फोटो नव्हता. लग्न गावी झालेलं, तिथे फोटो काढणारा कुठून येणार? मग कुणाला तरी आठवलं, की मंडळाच्या कपाटात पूजेच्या भजनाची व्हिडिओ कॅसेट आहे. ती मीच काढलेली. भाड्याने आणलेला, खांदा उतरवणारा कॅमेरा आणि माझं पहिलंवहिलं शूटिंग. निम्म्याहून जास्त टेप भाषणांनी खाल्लेली. भजन सुरू झालं तरी प्रमुख पाहुणे पुढ्यातून हलायला तयार नव्हते. त्यामुळे भजनातही मुख्यतः त्यांचंच डोकं दिसतं — आणि त्या डोक्याच्या बाजूने, मागे, पखवाजावर वासूकाका.

काकीने कॅसेट पाटावर उभी ठेवली. हार घातला. सहाणेवर उगाळलेलं गंध अनामिकेने कॅसेटच्या कपाळाला — म्हणजे जिथे कपाळ असायला हवं तिथे — लावलं. भटजी थबकले. काकीने त्यांना शांतपणे विचारलं, ‘ह्येच्यात ते आसत मां?’ भटजींनी पुढचा मंत्र म्हणायला घेतला.

तेव्हापासून ती कॅसेट देव्हाऱ्यात. एकादशीला आणि काकांच्या तिथीला तिला गंधाचं बोट. तिथीला दुपारी काकी ती पदराखाली घेऊन माझ्या दुकानात यायची. दुकान म्हणजे चाळीच्या जिन्याखालची खोली, तिथे मी कॅसेटी भाड्याने द्यायचो आणि शूटिंगच्या ऑर्डरी घ्यायचो. मी भाषणं पळवून भजनाशी टेप लावायचो. काकी स्टुलावर बसून बघायची, संपलं की म्हणायची, ‘बरा वाजवतत.’ जणू आत्ताच ऐकलं. मग कॅसेट पदराखाली, आणि मला ताटलीतून आणलेले घावणे. वर्षातून एकदा काकी नवऱ्याला भेटून जायची. माझ्या दुकानात, माझ्या यंत्रावर. यापेक्षा चांगलं काम माझ्या दुकानाने कधी केलं नाही.

पुढे व्हीसीडी आली. घरोघरी प्लेअर आले, आणि लोक जुन्या कॅसेटी चकतीवर उतरवून घ्यायला माझ्याकडे येऊ लागले. काकीही आली. वंदीने हप्त्यावर प्लेअर घेतला होता, आता काका घरातच दिसणार होते. ‘कॅसेट परत दी हां. देव्हारो रिकामो दिसता,’ एवढंच म्हणाली. मी म्हणालो, दोन दिवसांत.

दोन दिवसांनी मी तिला चकती दिली. कॅसेट दिली नाही. कॅसेट खराब झाली होती — तूर्त एवढंच धरून चला. याच्याकडे मला परत यायचंच आहे.

चकतीचं थोडं समजून घ्या. चित्र मोठं, चकती लहान. म्हणून यंत्र चित्राचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनातलं जे गाळता येईल ते गाळतं. मी सगळी टेप एकाच चकतीत कोंबली होती, त्यामुळे गाळणी फारच बारीक झाली. पुढे बसलेल्या पाहुण्यांच्या वाट्याला भरपूर चौकोन आले. त्यांचं टक्कल, त्यावरचा घाम, सगळं व्यवस्थित. मागे बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याला पाच-सात चौकोन. यंत्राला शिष्टाचार कुणी शिकवला कोण जाणे.

काकीने टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मला विचारलं, ‘ह्येंका देवी इल्यो काय रे?’

देवीचा आजार. तोंडभर व्रण. मी हसलो — आणि ती हसत नव्हती.

त्यानंतर कित्येक वर्षं तो चेहरा मी त्या चकतीतून बाहेर काढायचा प्रयत्न करत होतो. नवं काही आलं की पहिली चाचणी वासूकाकांवर. चौकोनांच्या कडा पुसून बघितल्या, तर काका लोण्याचे झाले. कडा धारदार करून बघितल्या, तर चौकोनच धारदार झाले. मग अलीकडची ती अक्कलवान ॲपं आली. पुसट चेहरा द्या, स्पष्ट घ्या. दिला. क्षणात एक देखणा गृहस्थ हजर झाला. भरदार जबडा, दातांची सरळ रांग, डोळ्यांत बँकेच्या मॅनेजरची तृप्ती. मी फोन काकीपुढे धरला. तोवर ती बरीच थकली होती, पण नजर शाबूत होती. तिने त्या गृहस्थाला नीट न्याहाळलं.

‘बरो दिसता,’ ती म्हणाली. ‘पण ह्येका मी कधी जेवाण वाढूक नाय.’

तिथे माझ्या लक्षात आलं, की ॲपने वासूकाका शोधलेच नव्हते. असे चेहरे साधारण कसे असतात ते त्याला ठाऊक होतं, त्यांतला एक त्याने देऊन टाकला. काकीला साधारण नवरा नको होता.

मग जे काही आहे ते चकतीतच आहे, असं धरून बसलो. एका चित्रात पाच-सात चौकोन, खरं. पण चित्रं हजारो आहेत. माणूस दगडासारखा बसला तर प्रत्येक चित्रात यंत्र तेच गाळतं. तो थोडा थोडा हलत असेल, तर एका चित्रात गाळलेलं दुसऱ्यात शिल्लक राहतं. चेहरा तोच, चौकोनांची रेघ मात्र दर वेळी वेगळ्या ठिकाणी पडते. अशी चित्रं एकावर एक बसवली, की चौकोन एकमेकांना खोडतात आणि चेहरा उरतो. पण बसवायची कशी? काका वाजवताना सतत डोलायचे. वळलेला चेहरा वाकलेल्या चेहऱ्यावर कसा बसणार?

आणि मला माझी झांज आठवली. मी मागे पडायचो म्हणून मला समेवर नजर ठेवायची सवय लागली होती — ठेका फिरून पहिल्या मात्रेवर येतो ती सम. समेला काका हनुवटी उचलून डावीकडे वळायचे, दर वेळी त्याच जागी. दोन समांमध्ये ते कुठेही भटकोत, समेला घरी यायचे. मी चित्राकडे बघणं सोडलं आणि कान लावून बसलो. प्रत्येक समेवरची चित्रं उचलली. अख्खा अभंग, मग पुढचा, मग गजर. ती एकमेकांवर केसाएवढी सरकवत बसवत गेलो. पाहुण्यांचं डोकं मध्ये आलं ती टाकून दिली. हे किती दिवस चाललं ते सांगत नाही, उगाच तपश्चर्या वाटायची.

चेहरा आला. फार स्पष्ट नाही — धुक्यातून कुणी दाराशी यावं तेवढा. डावी पापणी जराशी पडलेली. गालाचं हाड. आणि ओठांच्या कोपऱ्यात, समेवर, जिभेचं टोक बाहेर. ही जीभ कुठल्याही ॲपने दिली नसती.

मी ते कागदावर छापून काकीकडे नेलं. तिने हातात घेतलं, आणि आधी पदर सारखा केला. मग म्हणाली, ‘जीभ बघ. सांगून दमलंय मी, भजनात जीभ भायर काढू नका म्हणान.’

फ्रेम करायला दिली तेव्हा फ्रेमवाल्याने नेहमीप्रमाणे विचारलं, कोट-टाय घालायचा का. आमच्याकडे जन्मभर बनियनवर राहिलेला माणूस भिंतीवर गेला की सुटात जातो, कारण फ्रेमवाल्याकडे तयार कोट असतो. काकी म्हणाली, ‘नको. तेंका उकडतला.’

भिंतीवर फोटो लागला. मी हार नेला होता. देव्हाऱ्यातली सहाण, खोड, सगळं तिच्यासमोर ठेवलं. काकीने दोन्ही हात पाठीमागे घेतले. लहान मुलं खाऊ लपवताना घेतात तसे.

‘माजो हात लागाक नको,’ ती म्हणाली. ‘एकदा घालवलंय मी.’

आता मला कॅसेटकडे परत यायला हवं.

कॅसेट खराब झालेली नव्हती. तिला काहीही झालं नव्हतं. ती चकतीवर उतरवून झाल्यावर माझ्या बॅगेत होती, काकीला परत द्यायची म्हणून. त्याच दुपारी परळला एका पुढाऱ्याच्या सत्काराची ऑर्डर होती. सत्कार लांबला. सत्कार कधी लांबत नाही? मी आणलेल्या टेपा संपल्या, आणि पुढारी बोलायला उभा राहिला. बॅगेत हात घातला तर हाताला वासूकाका लागले.

चुकून झालं, असं मला म्हणता येत नाही. का ते सांगतो. त्या कॅसेटींना मागच्या कडेला एक छोटीशी प्लास्टिकची जीभ असायची. ती मोडून टाकली की त्या टेपवर दुसरं काही चढत नाही. पूजेच्या त्या रात्री ती मीच मोडली होती, वासूकाकांसमोर. त्यांनी विचारलं, ‘ह्या कित्या?’ मी ऐटीत सांगितलं, आता तुम्हाला कुणी पुसू शकत नाही. मग ती मोडलेली कॅसेट पुन्हा वापरायची कशी? खाचेवर चिकटपट्टी लावायची. चिकटपट्टी माझ्या खिशात होती. मी तुकडा तोडला, खाचेवर दाबून बसवला, हवा राहू नये म्हणून अंगठा फिरवला, आणि कॅसेट कॅमेऱ्यात घातली. एवढं सगळं चुकून होतं का?

पुढारी गिरणी कामगारांच्या अश्रूंवर बोलला. चांगला बोलला. ती कॅसेट त्याच्या घरी गेली, आणि त्याने ती कधी लावूनही पाहिली नसणार.

पण कबुली ही नाही. म्हणजे, एवढीच नाही. तरुण होतो, ऑर्डर जाईल म्हणून घाबरलो, चकती आहेच असं मनाशी म्हणालो — इतपत पाप माणूस पचवतो. देवीचे व्रण पाहून काकीने विचारलं, ‘कॅसेट खय हा? तीच लाव’ — तेव्हा मी जे बोललो, ते.

मी म्हणालो, ‘काकी, कॅसेटला बुरशी लागली होती. यंत्रात अडकून तुटली. टाकून द्यावी लागली.’

इथे थांबलो असतो तरी चाललं असतं. ती काही विचारत नव्हती. पण खोटं बोलणाऱ्याला कारण द्यावंसं वाटतं. मी म्हणालो, ‘तू तिला गंध लावायचीस ना? त्याचं पाणी आत गेलं.’

वास्तविक गंध कॅसेटच्या वरच्या कवचावर लागायचं आणि वाळून पडायचं. टेपपर्यंत थेंबही गेला नव्हता. हे मला पक्कं माहीत होतं. मीच दरवर्षी ती लावत होतो की.

काकीने उजवा हात वर केला आणि अनामिकेकडे पाहिलं. त्या दिवशी एकादशी होती, बोटाला गंधाचा पिवळा डाग होता. तिने तो पदराला पुसला. मग अगदी हळू म्हणाली, ‘म्हणजे माज्याच हातान गेले.’

मी नाही म्हणालो नाही.

तिने मला कधी दोष दिला नाही, कसा देणार? उलट, चकती तरी वाचवलीस म्हणून ती माझे उपकार मानायची. सणाला पहिली वाटी मला. माझ्या मुलाला तिने सांभाळलं. आजारी पडलो तेव्हा पेज घेऊन उशाशी बसली. ही सगळी माया मी घेतली. तिथून पुढे तिने कुठल्याच वस्तूला गंध लावलं नाही. दसऱ्याला वंदीच्या शिलाई मशीनला नाही, देव्हाऱ्यातल्या तसबिरींनाही नाही. ‘तू लाव, माज्या हाताक गुण नाय,’ असं वंदीला म्हणायची, आणि वंदी हसायची. मी तिथेच बसलेला असायचो, घावणे खात.

आणि भिंतीवरच्या फोटोपुढे तिने हात पाठीमागे घेतले तेव्हा मी तिला साधं एवढंही म्हणू शकलो नाही, की काकी, काच आहे, काही होत नाही. कारण काचेला होत नाही म्हटलं असतं, तर मग कॅसेटला कसं झालं, हे तिने विचारलं असतं. काकी हुशार होती.

गेल्या वर्षी काकी गेली. शेवटी ती माहीमला वंदीकडेच होती. बारावं तिथेच झालं. पाटावर काकीचा फोटो, आणि शेजारी भिंतीवरून उतरवलेले वासूकाका, जीभ बाहेर काढून. वंदीने गंध उगाळलं. आईच्या फोटोला लावलं. मग बोट वडिलांच्या कपाळासमोर नेऊन थांबली आणि माझ्याकडे वळली. या विषयातला जाणकार मीच ना.

‘सुर्यादादा, बाबांना लावू ना? आई कधी लावू द्यायची नाय. खराब तर नाय ना होणार?’

‘लाव,’ मी म्हणालो. ‘काचेला काही होत नाही.’

तिने लावलं. अगदी मधोमध. जरा मागे होऊन बघितलं, आणि सहज विचारलं, ‘मग आईला का नाय सांगितलंस कधी?’

मी फुलांच्या पुडीचा दोरा सोडायला घेतला.